रा. रा. पोटमाळेसाहेब यांस अनावृत पत्र

मुक्काम : न्हाणीघराच्या वर, स्लॅबच्या खाली

साष्टांग नमस्कार वि. वि.

साष्टांगच म्हणायला हवं. तुमची भेट घ्यायची तर स्टुलावर चढून, कठड्याला लोंबकळून, शेवटी पोटावर पालथं पडूनच आत शिरावं लागतं. एवढा मान हल्ली कुलदैवतालाही मिळत नाही.

पत्रास कारण, तुमचं संगीतप्रेम. बालगंधर्वांपासून भीमसेनजींपर्यंत आणि हिराबाई बडोदेकरांपासून कुमारांपर्यंत यच्चयावत गायक मंडळी अखेरीस तुमच्याच दरबारात रुजू झाली. आजोबांनी पोटाला चिमटा काढून घेतलेल्या तबकड्या, वडिलांनी रविवारी सकाळी रेडिओग्रामवर लावलेल्या एलपी, कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून आलेला गीतरामायणाचा संच. कॅसेट आली, मग सीडी आली, मग गाणं खिशातल्या फोनमध्ये जाऊन बसलं. दर वेळी घरातलं कुणीतरी म्हणालं, "त्या रेकॉर्डी तूर्तास वर टाकू या." तुमच्या पंचांगात या तूर्तासची चाळीस वर्षं होतात, हे त्या बिचाऱ्यांना कुठे ठाऊक!

मी जुन्या रेकॉर्डी जमवणारा माणूस. मला अधूनमधून फोन येतो. "काका, बाबांच्या रेकॉर्डी आहेत, अगदी जपून ठेवल्यात. एकदा येऊन बघता का?" मी विचारतो, कुठे ठेवल्यात? पलीकडे जरा चुळबूळ होते, आणि मग तुमचं शुभनाव येतं. तेवढ्यावर मी मास्क आणि हातमोजे पिशवीत टाकतो, अपेक्षा घरीच ठेवतो आणि निघतो.

तुमच्या उबदार स्वभावापासून सुरुवात करतो, कारण सर्वाधिक बळी त्याचेच आहेत. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तुमच्या डोक्यावर थेट गच्ची असते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांना शिवतो. गच्ची तर अनवाणी पाय टेकू देत नाही. दिवसभर ती ऊन पिते आणि रात्रभर ते खाली तुमच्याकडे सोडत राहते. घरातल्या माणसांना पंखा असतो, कूलर असतो. तुम्हाला साधा झरोकाही नसतो. आणि तिथे तुम्ही एलपी ठेवून घेता! एलपी व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसीच्या कुळातल्या प्लास्टिकची. कारखान्यात वाफेने तापवलेल्या दोन साच्यांमध्ये प्लास्टिकचा गोळा सापडतो, वरून प्रचंड दाब येतो, आणि त्याची खाचा उमटलेली चकती होऊन बाहेर पडते. उष्णता आणि दाब, एवढंच तिच्या जन्माचं भांडवल. तुम्ही या दोन्ही गोष्टी घरबसल्या पुरवता. फक्त साचा तुमच्याकडे नसतो, त्यामुळे चकतीने कोणता आकार घ्यायचा हे तुम्ही तिच्यावर सोडता. साधारण ६० अंशांच्या आसपास व्हिनाइल मऊ पडायला लागतं. वर ओझं असेल तर त्याच्या बरंच आधी, दर उन्हाळ्यात थोडं थोडं करून ते वाकत जातं. पाच-सात उन्हाळे तुमच्याकडे काढलेली एलपी बाहेर येते ती भाजलेल्या पापडासारखी.

मग ती फिरते मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि दर दोनेक सेकंदांनी सुई एक टेकडी चढते नि उतरते. चढताना सूर एकीकडे सरकतो, उतरताना दुसरीकडे. मल्लिकार्जुन मन्सूरांचा षड्ज त्यांच्या हयातीत कुणाला हलवता आला नव्हता. तुम्ही तो पाच-सात उन्हाळ्यांत हलवून दाखवलात. संगीताच्या इतिहासात तुमची नोंद व्हायला हवी.

(अशी वाकलेली तबकडी दोन काचांमध्ये दाबून उन्हात ठेवली की सरळ होते, असं सांगणारे सल्लागार प्रत्येक बिल्डिंगमध्ये एक तरी असतात. ऊन कोणत्या मिनिटाला पुरे झालं हे कळायला काही साधन नसतं. चकती सपाट होईलही, पण तिच्यावरच्या खाचांचं काय झालं ते सुई टेकवल्यावर कळतं. एलपीच्या एका बाजूची खाच उलगडली तर ती अर्ध्या किलोमीटरच्या जवळपास भरते, आणि रुंदीला ती जेमतेम केसाएवढी. एवढी बारीक कारागिरी गच्चीवर वाळत घालायची नसते. थोडी वाकली असेल आणि सुई उडत नसेल, तर आहे तशी ऐकावी.)

आता तुमच्या समदृष्टीबद्दल. तुमच्याकडे आलेली प्रत्येक वस्तू आडवी पडते आणि तिच्यावर दुसरी वस्तू आडवी पडते. इथे लहानमोठं कुणी नाही. जॅकेटसकट एक एलपी २०० ते २५० ग्रॅमची. शंभरांची चळत म्हणजे २० ते २५ किलो, आणि ते सगळं सर्वांत खालच्या तबकडीच्या पाठीवर. त्यावर थर्माकोलचं मखर (राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली, पण तुमच्या हद्दीत सरकारचे कायदे चालत नाहीत हे आम्ही जाणतो), त्यावर बिघडलेला टेबलफॅन, त्यावर पितळी घंगाळ, आणि सगळ्याच्या वर दर दिवाळीला खाली येऊन पुन्हा वर जाणारी आकाशकंदिलांची पिशवी. प्रत्येक फेरीत चळत थोडी सरकते, तबकड्या एकमेकींवर घासतात, आत साचलेली धूळ पॉलिश कागदाचं काम करते. जॅकेटांवर आतल्या चकतीचा गोल वळ उठतो. हे जॅकेट एखाद्या गुणी चित्रकाराने बनवलेलं असतं, एखाद्या जाणकाराने त्यामागे रागांची टिपणं लिहिलेली असतात. तुम्हाला अक्षरओळख नाही, तेव्हा तो गुन्हा तुमच्या माथी मारत नाही.

एलपी निदान वाकते. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी, म्हणजे अठ्ठ्याहत्तरची, तुटते. चळत उचलताना हाताला काहीतरी हलकंसं जाणवतं, आणि खालच्या तीन-चार रेकॉर्डी कडेपासून लेबलापर्यंत उकललेल्या निघतात. कुणी पाडलेल्या नसतात. नुसत्या ओझ्याने गेलेल्या असतात.

या अठ्ठ्याहत्तरच्या बाईंची ओळख तुम्हाला करून देतो, कारण इतकी वर्षं एका छपराखाली राहून तुम्ही त्यांची विचारपूस केलेली दिसत नाही. यांचं माहेर आपल्याच देशातलं. पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे जी लाख करतात, ती साफ करून, दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून या तबकड्या घडत. १९०२ साली फ्रेड गेसबर्ग ग्रामोफोन कंपनीची यंत्रं घेऊन कलकत्त्याला उतरला आणि नोव्हेंबरात गौहरजानचं गाणं मेणावर घेतलं. तबकड्या मात्र जर्मनीत हॅनोव्हरला निघाल्या आणि बोटीने परत आल्या. आपली लाख, आपलं गाणं, आणि मधे फक्त एक समुद्रप्रवास. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि हा फेरा संपला. जगाने अठ्ठ्याहत्तरच्या मोडीत काढल्या तरी साठच्या दशकात आपल्याकडे त्या निघतच होत्या. बीटल्सचीसुद्धा गाणी भारतात अठ्ठ्याहत्तरवर निघाली. दोन समुद्र ओलांडून, बैलगाडीतून गावोगाव हिंडून, कर्ण्याच्या ग्रामोफोनच्या बोथट सुया सोसून ज्या तबकड्या टिकल्या, त्यांना न्हाणीघराच्या वर तीन फूट उंचीच्या जागेत मरण आलं. तुमचा पराक्रम मानायलाच हवा.

आणि मग जून उजाडतो.

मुंबईत, ठाण्यात आणि खाली कोकणात गोव्यापर्यंत पावसाळ्याचे चार महिने हवेतला दमटपणा बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असतो. बुरशीला ६५-७० टक्के पुरतात. शिवाय तुमच्या खाली गीझर, रोज सकाळी चार माणसांच्या आंघोळीची वाफ. आणि मधल्या मजल्यावर असाल तर तुमच्या डोक्यावर वरच्या मजल्यावरच्यांचं न्हाणीघर, ज्याची गळती सोसायटीच्या बैठकीत गेली कित्येक वर्षं 'विषय क्रमांक ७' म्हणून पुढे ढकलली जाते आहे. भिंतीवर उमटलेले ते पिवळे नकाशे तुमच्या खानदानी दागिन्यांसारखे शोभतात. या सगळ्याच्या मधोमध पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या रेकॉर्डी, आणि वरून चार डांबरगोळ्या. एवढ्या मायेने गुंडाळलं की आत अडकलेली ओल बाहेर कशी जाणार? डांबरगोळी किड्यांसाठी असते, तिला दमटपणा शोषता येत नाही. तिचा वास मात्र जॅकेटात पिढ्यान् पिढ्या मुरतो. वर्तमानपत्राचा स्वस्त कागद स्वतः पिवळा पडतो आणि ज्याला मिठी मारली त्यालाही पिवळं करतो.

बुरशीला व्हिनाइल पचत नाही. तिला हवी असते खाचेतली धूळ, बोटांचा तेलकटपणा, जॅकेटचा कागद, लेबलाची खळ. ती या खाण्यावर बसते आणि आपले धागे खाचांमधून पसरवते. सुई त्यावरून गेली की शिजणाऱ्या भातासारखा आवाज येतो, असं एक संग्राहक म्हणायचे. लाखेची तबकडी मात्र तिला मानवते, तिथे ती पृष्ठभागच खडबडीत करून टाकते. तो खडबडीतपणा कोणत्याही साबणाने जात नाही.

बुरशीच्या पंगतीला कसर येते. चंदेरी, चपळ, अंधाराची आवड असलेली. तिला खळ आवडते, म्हणजे जॅकेटचे सांधे आणि लेबल. लेबलाचं महत्त्व तुम्हाला कुणी सांगितलेलं नसावं. त्यावर गायकाचं नाव, रागाचं नाव, कंपनीचा क्रमांक. संशोधकाचा सगळा डोलारा त्या तीन-चार इंचांच्या वर्तुळावर उभा असतो. गंगूबाई हंगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी' हे नाव छापलेलं होतं. असं लेबल कसरीने खाल्लं की एक पूर्ण प्रकरणच खाल्लं जातं. गौहरजान हुशार बाई, गाणं संपता संपता स्वतःचं नाव मोठ्याने सांगून मोकळी व्हायची; परदेशातल्या कारखान्यात कुणाची तबकडी कोणती हे कळावं म्हणून ती प्रथा होती. तिला हॅनोव्हरचे कारागीर डोळ्यांसमोर होते. पोटमाळ्यांची कल्पना तिला असती तर तिने पत्तासुद्धा सांगितला असता.

तुम्ही एकटे दोषी नाही, हे न्यायाला धरून कबूल करतो. तुमचा एक भाचा आहे, पीव्हीसीचं जाड, चकचकीत बाह्यकव्हर. दुकानात ते फार सज्जन दिसतं. त्याला मऊ ठेवण्यासाठी घातलेली तेलकट द्रव्यं उष्णतेत हळूहळू बाहेर येतात आणि तबकडीवर बसतात. त्याचा धुरकट डाग पडतो, पुसता येत नाही, आणि ऐकताना सतत एक फुसफुस सोबत करते. रेकॉर्ड वाचवायला घातलेल्या कव्हरानेच रेकॉर्ड मारली, आणि तीही तुमच्या घरी, तुमच्या उष्णतेत. मामा-भाच्याचं हे सख्य पाहून डोळे भरून येतात.

यावर तुमचे वकील म्हणतात, जुन्या वस्तू आहेत, काळ कुणाला चुकलाय? काळाशी आमचं भांडण नाही. गायक-नट भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारीत गेले आणि गेसबर्ग १९०२ च्या अखेरीस आला. अवघ्या दीड-पावणेदोन वर्षांच्या फरकाने त्यांची तबकडी निघायची राहिली. हळहळतो, पण ते काळाने केलं. काळाने जे ठेवलं होतं ते तुम्ही नेलंत, तक्रार त्याची आहे. जुन्या मुद्रणांपैकी अनेकांच्या धातूच्या मूळ साच्यांचा आज पत्ता नाही. कुणाच्या घरात एखादी प्रत उरली असेल तर तीच मूळ. मुंबईत १९९० साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. त्या मंडळींनी आणि त्यांच्यासारख्या हौशी संग्राहकांनी जे शोधलं, याद्या केल्या, ऐकवलं, ते बरंचसं घराघरांतूनच तर आलं. घरांमधून येण्याआधी तुमच्याकडे किती अडलं याची यादी कुणी करू शकत नाही, हा तुमचा मोठाच फायदा.

एक तबकडी मात्र तुमच्या हातून कायमची निसटली आहे, ते सांगताना मला आसुरी आनंद होतो. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर. ध्वनिमुद्रण म्हटलं की बाई फारशा राजी नसत, त्यामुळे त्यांच्या रेकॉर्डी मुळात मोजक्या. त्यांची भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' अंतराळयानांवर चढवलेल्या सुवर्णतबकडीत गेली. तांब्याची चकती, वर सोन्याचा मुलामा, त्यावर ॲल्युमिनियमचं आवरण, वेग मिनिटाला १६⅔ फेरे. ऑगस्ट आणि सप्टेंबरात यानं उडाली, आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. त्या तबकडीसाठी केसरबाईंची रेकॉर्ड मिळता मिळत नव्हती. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात टेबलाखालच्या खोक्यात ती सापडली. टेबलाखाली, साहेब! त्या दुकानदाराने खोका वर चढवला असता तर परग्रहावरच्यांनी खरखरच ऐकली असती. आता ती सूर्यमालेच्या पल्याड निघाली आहे. तिथे ऊन नाही, वाफ नाही, कसर नाही, आणि वरच्या मजल्यावर कुणी राहत नाही.

बाकीच्यांना अंतराळात पाठवणं परवडणार नाही. म्हणून आम्ही त्यांना फक्त सहा फूट खाली आणणार आहोत. त्याची रीत तुम्हाला कळवून ठेवतो, म्हणजे ऐन वेळी तुम्ही अंगावर झुरळं सोडणार नाही.

खाली आणायच्या त्या भर पावसाळ्यात नव्हे. दिवाळीनंतरची कोरडी हवा बघायची. चळत एकदम ओढायची नाही, पाच-पाच करून, खालून हात देऊन घ्यायच्या. घरात आधीपासून असलेल्या चांगल्या रेकॉर्डींजवळ त्यांना लगेच नेऊन बसवायचं नाही, कारण बुरशीचं बी झटकलं की उडतं. गॅलरीत, मास्क लावून, मऊ ब्रशने कोरडी बुरशी झाडायची. कागदी पाकिटं फेकायची, पण त्यावर दुकानाचं नाव किंवा जुनी जाहिरात असेल तर वेगळी ठेवायची, तोही इतिहासच. मग धुणं. एलपीला इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब, मऊ कापड खाचांच्या दिशेने गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही, लेबल कोरडं ठेवायचं. पुन्हा नुसत्या पाण्याने पुसायचं आणि सावलीत उभं करून वाळवायचं. वाळवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं उत्तम. गृहस्वामिनीची परवानगी ज्याची त्याने मिळवावी.

अठ्ठ्याहत्तरच्यांबाबत एक धोक्याची सूचना, आणि इथे मी थट्टा करत नाही. त्यांना स्पिरिट, सॅनिटायझर, कलोन, अल्कोहोल असलेलं कोणतंही द्रव लावू नये. सुतार फर्निचरला जे चपड्याचं पॉलिश मारतो ते म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. तुमची तबकडी त्याच लाखेची. स्पिरिटचा बोळा फिरवला की ती साफ होत नाही, तिचं पॉलिश होतं आणि गाणं बोळ्यावर येतं. कोरोनाच्या वर्षांत घरोघर सॅनिटायझरची बाटली आली, आणि निर्जंतुक करण्याच्या उत्साहात काय काय धुऊन निघालं असेल या विचाराने मला अजून घाम फुटतो. अठ्ठ्याहत्तरच्या साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या ओलसर कापडाने पटकन पुसाव्यात, भिजत घालू नयेत, आणि लगेच वाळवाव्यात.

नंतर त्यांना राहायला जागा. परदेशी ध्वनिसंग्रहालयांचे आकडे ऐकाल तर तुम्हाला हसू येईल: तापमान विशीच्या आसपास, दमटपणा ४० ते ५० टक्के, बारा महिने चोवीस तास. आपल्या घरात ते जमणार नाही आणि त्यावाचून अडणारही नाही. रेकॉर्ड ठेवायची जागा निवडण्याची माझी कसोटी ओबडधोबड आहे. मे महिन्याच्या दुपारी आणि जुलैच्या रात्री ज्या कोपऱ्यात माणूस तासभर बसू शकेल, तिथे रेकॉर्ड राहू शकते. तुमच्याकडे मी दहा मिनिटं काढून बघितली आहेत. पुढचं बोलायला नको.

म्हणजे आतली भिंत. पश्चिमेची नको, न्हाणीघराला चिकटलेली नको, पावसाच्या माऱ्याची नको. कपाट भिंतीपासून दोन-तीन बोटं पुढे, म्हणजे मागून हवा खेळते. खालचा कप्पा जमिनीपासून चार-सहा इंच वर, कारण लादी पुसणाऱ्या बाईंच्या फडक्याला संगीताचं सोयरसुतक नसतं. सगळ्या रेकॉर्डी उभ्या, ताठ उभ्या. कललेली एलपी आडव्या एलपीइतकीच, फक्त जरा सावकाश, वाकते. दर १०-१५ सेंटिमीटरवर एक पक्की आडभिंत घातली की त्या एकमेकींवर रेलत नाहीत. इतक्या ठासूनही भरायच्या नाहीत की एक ओढताना शेजारणीचं कव्हर फाटेल. कप्प्याची लाकूडफळी जाड हवी. एका मीटरभर कप्प्यात एलपी भरल्या की ५०-६० किलो होतात, आणि भुशाची स्वस्त फळी वर्षभरात पोट पुढे काढते. आतलं पाकीट पॉलिथिनचं; पीव्हीसीच्या भाच्याला दारातूनच नमस्कार. अठ्ठ्याहत्तरच्यांना कोरं जाड कागदी पाकीट, आणि त्यांचा कप्पा वेगळा, कारण दहा इंची नि बारा इंची शेजारी उभ्या केल्या की मोठीला आधार अर्धाच मिळतो. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. त्या ओल पिऊन दमल्या की तापवून पुन्हा वापरता येतात. दमटपणा मोजणारं छोटं यंत्र पाच-सातशे रुपयांत मिळतं, ते आत ठेवावं, नाहीतर सगळा कारभार अंदाजाचा. एसी फक्त रात्री लावून सकाळी खिडक्या सताड उघडायच्या, हा खेळ पावसाळ्यात टाळावा. थंड तबकडीवर दमट हवा येऊन बसते.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्या लावाव्यात. महिन्यातून एकदा हात लागणारी रेकॉर्ड कसरीला सापडत नाही. पाकिटातून काढली की हवा लागते, ओल कळते, वाकली असेल तर वेळेत दिसते.

जागा नाही, असं तुमचे वकील पुन्हा म्हणतील. मुंबईत माणसांना जागा नाही तिथे रेकॉर्डींना कुठली! हा युक्तिवाद मी गेली कित्येक वर्षं ऐकतो आहे, आणि एकदा टेपने मोजूनच टाकला. शंभर एलपी उभ्या ठेवल्या तर लांबीला ३५-४० सेंटिमीटर होतात. सामान्य मराठी घरात आजोबांच्या रेकॉर्डी असतात पन्नास, साठ, फार तर ऐंशी. म्हणजे टीव्हीखालच्या कपाटाचा एक कप्पा, जिथे सध्या बंद पडलेला डीव्हीडी प्लेअर, तीन रिमोट आणि एकाही वस्तूचा नसलेला चार्जर मुक्कामाला आहेत. तुमच्याकडे पाठवायला तेच जास्त लायक. अदलाबदलीचा हा प्रस्ताव तुम्ही मोठ्या मनाने स्वीकाराल असा विश्वास आहे.

तुमच्या उदरनिर्वाहाची काळजी करू नका. मखर तुमचंच. घंगाळ तुमचं; त्याला आच लागली तर उलट बरंच वाटतं. बारशाचा पाळणा, क्रिकेटची मोडकी बॅट, कुणीतरी कधीतरी अमेरिकेहून आणलेली आणि चाक तुटलेली बॅग, सगळं सुखेनैव असू द्या. इमारत पुनर्विकासाला जाईपर्यंत तुम्हाला रिकामं राहण्याची भीती नाही, आणि बिल्डरच्या नव्या नकाशात तुम्ही दिसत नाही ही बातमी मी अजून घरात कुणाला सांगितलेली नाही.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
खालच्या मजल्यावरचा एक श्रोता

ता. क. : आजच नवा रेकॉर्ड प्लेअर आणला आहे. त्याचा रिकामा खोका आणि आतला थर्माकोल संध्याकाळी वर पाठवतो. वॉरंटीच्या दोन वर्षांपुरता सांभाळावा. आत काही वाजणारं नाही, तेव्हा कसरीला निरोप देऊन ठेवा, तिचा फुकट हेलपाटा नको.